गाण्याबाहेर ठेवलेले शब्द

भारतीय ग्रंथांच्या पाश्चात्त्य अनुवादांचा इतिहास सांगितला जातो तेव्हा त्यात विल्यम जोन्स, बर्नूफ, माक्स म्यूलर ही नावे ठरलेल्या क्रमाने येतात. संगीतकारांची नावे त्या यादीत सहसा येत नाहीत. वास्तविक परभाषेतील संहिता हाती घेणाऱ्या संगीतकारापुढे अनुवादकाचे सगळे प्रश्न असतातच. शिवाय त्याचा स्वतःचा असा एक प्रश्न असतो. हे शब्द कोणी गायचे, आणि मुळात ते गायचे की नाही? इंग्रज संगीतकार जोनाथन हार्वे (१९३९–२०१२) ह्यांनी ऋग्वेद, रवींद्रनाथ आणि बौद्ध अवदानकथा अशा तीन भारतीय संहितांशी वेगवेगळ्या काळी व्यवहार केला, आणि ह्या प्रश्नाची तीन निरनिराळी उत्तरे दिली. त्यांच्या संगीतात सतार नाही, तबला नाही, रागाची उसनवारीही नाही. भारताकडे ते वाद्यांसाठी आले नाहीत, शब्दांसाठी आले. म्हणून साहित्याच्या अभ्यासकाने त्यांची दखल घेणे अस्थानी ठरू नये.

हार्वे ह्यांचा जन्म मे १९३९ मध्ये इंग्लंडच्या मध्यभागातील सटन कोल्डफील्ड येथे झाला. वयाच्या नवव्या वर्षी ते टेनबरी येथील सेंट मायकेल्स कॉलेजात बालगायक म्हणून दाखल झाले. उपासना रोज गायची, आणि गाताना शब्द कोणाला उद्देशून आहेत ह्याचा विचार करायचा, ही सवय तिथली. पुढे केंब्रिजमध्ये शिक्षण झाले. बेंजामिन ब्रिटन ह्यांच्या सल्ल्याने एर्विन श्टाइन आणि हान्स केलर ह्या दोन गुरूंकडे त्यांनी रचनाशास्त्र शिकले. दोघेही व्हिएन्नाहून परागंदा होऊन इंग्लंडला आलेले, शोएनबर्गच्या परंपरेतले. काही काळ त्यांनी वाद्यवृंदात चेलो वाजवला. १९६९–७० मध्ये ते प्रिन्स्टनला गेले आणि मिल्टन बॅबिट ह्यांच्या प्रभावाखाली आले. १९७५ साली श्टोकहाउझेनच्या संगीतावरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. साउदॅम्प्टन आणि ससेक्स ह्या विद्यापीठांत त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले, नंतर स्टॅनफर्डलाही केले. ह्या तपशिलांवर रेंगाळण्याचे कारण नाही; विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील कोणत्याही सुशिक्षित युरोपीय संगीतकाराचे चरित्र थोड्याफार फरकाने असेच असते. वेगळेपण आहे ते अंतरंगातल्या प्रवासात. अँग्लिकन चर्चमध्ये वाढलेला हा मनुष्य रुडॉल्फ श्टाइनरच्या विचाराकडे गेला, मग वैदिक ध्यानपद्धतीकडे, आणि अखेरीस तिबेटी बौद्ध धर्माकडे. आधीचे काही टाकून देऊन मात्र नव्हे. चर्चसाठी संगीत लिहिणे त्यांनी शेवटपर्यंत चालू ठेवले.

शब्दांविषयीची त्यांची धारणा प्रथम स्पष्ट दिसते ती १९८० मधील एका नऊ मिनिटांच्या ध्वनिफितीत. ‘मॉर्टुओस प्लांगो, व्हिव्होस व्होको’ हे तिचे लॅटिन नाव विंचेस्टर कॅथीड्रलच्या सर्वांत मोठ्या घंटेवर कोरलेल्या मजकुरातून घेतले आहे. सरणाऱ्या तासांची ही घंटा गणना करते, मृतांसाठी शोक करते आणि जिवंतांना प्रार्थनेला बोलावते, असा त्या मजकुराचा आशय. हार्वे ह्यांचा मुलगा त्या वेळी त्याच कॅथीड्रलच्या गायकवृंदात होता. मुलाचा आवाज आणि घंटेचा नाद अशा दोनच गोष्टी घेऊन पॅरिस येथील इर्काम ह्या संशोधनसंस्थेत ही रचना सिद्ध झाली. इर्कामची कल्पना पिएर बूलेझ ह्यांची, आणि हार्वे ह्यांना तिथे बोलावणारेही तेच.

तंबोऱ्याच्या नादात मिसळलेला स्वयंभू गांधार ज्याने ऐकला आहे त्याला ह्या रचनेचे तंत्र समजणे अवघड नाही. कोणताही नाद एकटा नसतो, त्याच्या पोटात उपस्वरांचे कुटुंब असते. तारेच्या बाबतीत ह्या उपस्वरांची परस्परांशी सरळ प्रमाणे असतात. घंटेच्या बाबतीत तसे नसते. विंचेस्टरच्या घंटेत तर एक ठळक स्वर असा आहे की तो बाकीच्यांच्या कुळातला वाटतच नाही. हार्वे ह्यांनी ह्या उपस्वरांपैकी खालचे आठ निवडले आणि त्या प्रत्येकावर रचनेचा एकेक भाग उभारला. मग संगणकाच्या साहाय्याने मुलाच्या स्वरोच्चारात घंटेचा नाद भरला, घंटेच्या नादात मुलाचा आवाज. ऐकताना क्षणभर कळेनासे होते की जे गात आहे ते धातू आहे की कंठ. लॅटिन शब्द जागोजागी फुटून नुसते वर्ण उरतात. तरी अर्थ हरवत नाही, कारण मृतांची घंटा आणि जिवंत मूल एकमेकांत जाऊ-येऊ लागले की कोरीव मजकूर जे सांगतो तेच घडत असते. आशय पोहोचवण्यासाठी शब्द ऐकू आलाच पाहिजे असे नाही, हा धडा हार्वे ह्यांनी इथे घेतला असावा. दोन वर्षांनी त्यांनी तो ऋग्वेदाला लावला.

ऋग्वेदाला संगीत देणारे हार्वे हे काही पहिले इंग्रज नव्हेत. गुस्टाव होल्स्ट ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संस्कृतचे धडे घेतले, कोशाच्या आधाराने सूक्तांची स्वतःच इंग्रजी रूपांतरे केली आणि ती गायनासाठी बांधली. १९०८ साली त्यांनी महाभारतातील सावित्रीवर एक छोटी संगीतिकाही लिहिली. ती १९१६ मध्ये लंडनला रंगमंचावर आली. होल्स्ट ह्यांचा मार्ग सरळ होता: मूळ समजून घ्यावे, भाषांतर करावे, गायकाच्या तोंडी द्यावे. आजही त्या प्रामाणिकपणाबद्दल आदर वाटतो.

हार्वे ह्यांचा मार्ग नेमका उलटा. १९८२ मध्ये इर्कामसाठी लिहिलेली आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये प्रथम सादर झालेली ‘भक्ती’ ही रचना पंधरा वाद्ये आणि ध्वनिफीत ह्यांच्यासाठी आहे. तिचे बारा भाग, आणि लांबी जवळजवळ पाऊण तासाहून अधिक. ध्वनिफितीतील नाद मुख्यतः त्याच पंधरा वाद्यांचे ध्वनिमुद्रण करून, त्यांवर संगणकाचे संस्कार करून घडवलेले आहेत. म्हणजे वाद्ये मंचावर वाजत असतात आणि त्यांचीच रूपांतरित प्रतिमा श्रोत्यांच्या चारी बाजूंच्या ध्वनिक्षेपकांतून येत असते. संगीतकाराने स्वतः लिहिलेल्या टिपणात ध्वनिफितीच्या अनेक कामांचा उल्लेख आहे: संवाद, स्मरण, पूर्वसूचना, आणि त्यांच्या जोडीला एक अनपेक्षित काम, दुभाषा करतो तसा तत्क्षणीचा अनुवाद. प्रत्येक भागाला ऋग्वेदातील एकेक अवतरण जोडलेले आहे. पण ते कोणी गात नाही, कोणी म्हणत नाही. भाग संपल्यावर स्वरलिपीच्या कागदावर ते छापलेले असते, एवढेच. देब्यूसीने आपल्या पियानोच्या प्रील्यूडांची शीर्षके प्रत्येक रचनेच्या शेवटी छापली होती, त्याची इथे आठवण होते. आधी ऐका, मग हवे तर वाचा.

भारतीय अभ्यासकाच्या मनात इथे दोन आक्षेप उभे राहतात, आणि ते दोन्ही दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. पहिला नावाविषयी. भज् ह्या धातूचा मूळ अर्थ वाटणे, वाटा देणे-घेणे असा आहे. परमेश्वरावरील प्रेम ह्या अर्थाने रूढ झालेली भक्ती ही ऋग्वेदानंतरच्या काळातील आहे. शिवाय मराठी माणसाला तर भक्ती म्हटली की गाणे आठवते. टाळ, वीणा, कीर्तन, नामाचा गजर ह्यांवाचून भक्तीची कल्पनाच त्याला करता येत नाही. ज्या रचनेत एकही माणूस गात नाही तिला हे नाव द्यावे, हा योगायोग त्याला विलक्षण वाटेल.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. वेद टिकले ते ध्वनीच्या बळावर. पद, क्रम, जटा, घन अशा पाठांच्या कड्यांनी अध्येत्यांनी उच्चाराचे रक्षण केले. अर्थ विस्मरणात गेला तरी स्वर ढळू दिला नाही. मंत्रांना अर्थच नसतो असे कौत्साचे मत होते आणि यास्काला निरुक्तात ते खोडून काढावे लागले, हे सर्वश्रुत आहे. म्हणजे आपल्या परंपरेने ध्वनी जपला आणि अर्थाविषयी वाद घातला. हार्वे ह्यांनी अर्थ घेतला, तोही इंग्रजीतून, आणि ध्वनी सोडून दिला. ऋग्वेदाच्या दृष्टीने पाहता जे प्राण होते तेच बाहेर राहिले, असे कोणी म्हणाल्यास त्याला चूक म्हणता येणार नाही.

तथापि दुसरी बाजूही आहे. परंपरेबाहेरच्या माणसाने तो उच्चार केला असता तर काय झाले असते? एक तर सदोष अनुकरण, नाही तर सुशोभित विदेशीपणा. ज्या ध्वनीवर आपला अधिकार नाही त्याला हात न लावता त्याच्या शेजारी आपला स्वतःचा नाद ठेवावा, ह्यात संकोच आहे, आणि ह्या प्रांतात संकोच हा गुण दुर्मिळ आहे. ‘भक्ती’चा आरंभ एकाच स्वराभोवती बराच वेळ घुटमळतो. वाद्य बदलते, नादाची जात बदलते, फुंकर आणि गज ह्यांचा दाब बदलतो, स्वर तोच. नुसता षड्ज लावून बसलेल्या गवयाला ह्यात काही शिकवावे लागणार नाही. हे साम्य हार्वे ह्यांनी भारतातून उचलले असे मानण्याचे कारण नाही. घंटेच्या पोटात शिरून नाद ऐकणारा मनुष्य त्याच ठिकाणी आपल्या वाटेने पोहोचू शकतो.

१९८५ मध्ये हार्वे रवींद्रनाथांकडे वळले आणि तिथे त्यांनी शब्द गाण्यात घेतले. ‘साँग ऑफरिंग्ज’ ह्या नावाची ही रचना सोप्रानो आणि आठ वादकांसाठी आहे. तिच्यात चार कविता आहेत. नावही रवींद्रनाथांनीच आपल्या इंग्रजी गीतांजलीला दिलेले उपशीर्षक आहे. १९१२ साली लंडनच्या इंडिया सोसायटीने काढलेला तो १०३ रचनांचा संग्रह आणि १९१० ची १५७ गीतांची बंगाली गीतांजली ही दोन वेगळी पुस्तके आहेत, हे ह्या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. इंग्रजी पुस्तकात मूळ गीतांजलीतील जेमतेम निम्म्या रचना आहेत, बाकीच्या नैवेद्य, खेया, गीतिमाल्य इत्यादी संग्रहांतून आलेल्या. महत्त्वाचे हे की बंगालीत त्यांतील कित्येक गाणी होती, कवीने स्वतः चाली दिलेली. इंग्रजीत येताना छंद गेला, यमक गेले, चाल गेली; उरले ते बायबलच्या वळणाचे गद्य. रवींद्रनाथांना पुढे ह्या इंग्रजीविषयी पश्चात्ताप झाला होता. हार्वे ह्यांच्या हाती आले ते हे गद्य. त्यांनी त्याचे पुन्हा गाणे केले. गाण्याचे गद्य झाले आणि गद्याचे गाणे. दोन्ही टोकांना सूर आहे, पण एका सुराला दुसऱ्याची ओळख नाही. त्सेम्लिन्स्कीनेही १९२२–२३ मध्ये रवींद्रनाथांच्या एका अन्य संग्रहातील रचनांवर मोठी सिंफनी लिहिली होती, तीही जर्मन भाषांतरावरून. तिथेही बंगाली सूर कोणी विचारला नव्हता.

ह्या चार गाण्यांत एक प्रिया वाट पाहते, तळमळते, भेटते, आणि अखेरीस मृत्यूच प्रियकराच्या रूपात येतो. प्रिया म्हणताना मात्र थांबावे लागते. बंगाली क्रियापदाला लिंग नाही. इंग्रजी ‘मी’लाही नाही. रवींद्रनाथांच्या मूळ रचनेत आणि त्यांच्या इंग्रजीत बोलणारा जीव स्त्री की पुरुष हे व्याकरण सांगत नाही. कधी एखादी प्रतिमा सांगते, कधी तीही मूक राहते. मराठी अनुवादकाला ही मोकळीक नाही. ‘मी वाट पाहतो’ की ‘मी वाट पाहते’, हे पहिल्याच क्रियापदाशी ठरवावे लागते, आणि एकदा ठरवले की सारी कविता त्या बाजूला कलते. हार्वे ह्यांनी हा निर्णय व्याकरणाने न घेता कंठाने घेतला. सोप्रानो स्त्री उभी केली आणि प्रश्न मिटवला. ज्ञानेश्वरांच्या विराण्या ज्याच्या कानांत आहेत त्याला पुरुष कवीने विरहिणी होणे नवे नाही. त्या वाचकाला हा निर्णय परका न वाटता जवळचाच वाटेल. तरी त्यात काहीतरी गमावले गेले आहेच. बंगालीतली ती लिंगहीन आर्तता, जिच्यात कोणीही स्वतःला ठेवू शकतो, ती एका विशिष्ट स्त्रीची झाली. संगीत सुंदर आहे, कदाचित हार्वे ह्यांच्या सर्व रचनांत सर्वांत सहज भावणारे. म्हणून हा तोटा लक्षात येत नाही, इतकेच.

पुढच्या वर्षांतील एका रचनेचा ओझरता निर्देश पुरे. २००८ मधील ‘स्पीकिंग्ज’मध्ये त्यांनी सबंध वाद्यवृंदाला बोलायला लावले. माणसाच्या उच्चारांचे आकार संगणकाने वाद्यांच्या नादावर बसवले. तान्ह्या मुलाच्या बोबड्या उद्गारांपासून मंत्रासारख्या स्तोत्रगानापर्यंत हा प्रवास जातो. बोलण्याचा सगळा डौल आहे, शब्द एकही नाही.

तिसरी संहिता बौद्ध आहे, आणि तिच्यापाशी प्रश्न केवळ सौंदर्याचा राहत नाही. ‘वाग्नर ड्रीम’ ही संगीतिका २००७ मध्ये लक्झेंबर्गला प्रथम झाली. संहिता ज्याँ-क्लोद कारिएर ह्यांची. पीटर ब्रुक ह्यांच्या महाभारताचे नाट्यरूप करणारे तेच. १३ फेब्रुवारी १८८३ रोजी व्हेनिसमध्ये वाग्नरला मृत्यू आला. त्या अखेरच्या क्षणात वैरोचन बुद्ध त्याच्यापुढे प्रकट होतो आणि जी संगीतिका लिहायची त्याने आयुष्यभर मनात धरले पण कधी लिहिली नाही, ती त्याला दिसू लागते, अशी कल्पना आहे. ती अलिखित संगीतिका म्हणजे ‘डी झीगर’, विजेते. १८५६ मध्ये वाग्नरने तिचा छोटासा आराखडा केला होता.

कथा अशी. आनंद भिक्षू तहानलेला असताना एका मुलीजवळ पाणी मागतो. ती म्हणते, मी मातंगकन्या आहे. तो म्हणतो, मी तुझी जात विचारली नाही, पाणी मागितले. तिचे नाव प्रकृती. ती त्याच्या प्रेमात पडते, तिची आई मंत्रप्रयोगाने त्याला ओढून आणते, बुद्ध त्याला सोडवतो आणि शेवटी प्रकृती संघात प्रवेश करते. ही कथा दिव्यावदानातील शार्दूलकर्णावदानात आहे. नेपाळातील बौद्ध संस्कृत हस्तलिखिते हॉजसनने पॅरिसला पाठवली, बर्नूफने १८४४ च्या आपल्या ग्रंथात ती कथा फ्रेंचमध्ये सांगितली, आणि वाग्नरने ती तिथून घेतली. दुसऱ्या वाटेने, राजेंद्रलाल मित्रांच्या १८८२ च्या सूचिग्रंथातून, ती रवींद्रनाथांपर्यंत आली आणि १९३३ मध्ये ‘चंडालिका’ झाली. आणखी एका वाटेने ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे आली. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या ग्रंथात स्त्रियांच्या धर्मदीक्षेच्या प्रकरणात चांडालिका प्रकृती आहे, आणि महाराष्ट्रातील लक्षावधी घरांत ती कथा त्या ग्रंथातून वाचली जाते.

ह्या वाटांचा फरक एका जागी उघड होतो. अवदानात कथेला पूर्वजन्माची पुरवणी आहे. त्रिशंकू नावाचा मातंगराजा आपल्या मुलासाठी एका ब्राह्मणाची कन्या मागतो. ब्राह्मण अपमान करतो, राजा जातिभेदाच्या विरुद्ध दीर्घ युक्तिवाद करतो. वाग्नरने त्यातून युक्तिवाद वगळला आणि मुलीचा अभिमान तेवढा ठेवला: मागच्या जन्मी ब्राह्मणकन्या असताना हिने चांडाळराजाच्या मुलाचे प्रेम हसून झिडकारले, म्हणून ह्या जन्मी ही चांडाळी. ह्या पुरवणीचे त्याला एवढे आकर्षण का वाटले ते त्याने आत्मचरित्रात सांगितले आहे. गतजन्म आणि वर्तमान एकाच वेळी ऐकवणे संगीतालाच शक्य आहे, असे त्याला वाटले. कलावंत म्हणून ही सूझ अपूर्व आहे, ह्यात शंका नाही. पण तिची किंमत कोणी द्यायची? प्रकृतीने. तिचे चांडाळपण हे तिच्याच कर्माचे फळ ठरते, आणि जातिव्यवस्थेला आजवर जे समर्थन सर्वांत सोयीचे वाटले तेच सुरेल होऊन परत येते. रवींद्रनाथांनी आणि आंबेडकरांनी दोघांनीही गतजन्म गाळला. रवींद्रनाथांची प्रकृती पाणी मागितले जाताच स्वतःला माणूस म्हणून ओळखते. आंबेडकरांची प्रकृती भिक्षुणी होते ती कोणाचे देणे फेडायला नव्हे.

हार्वे आणि कारिएर वाग्नरच्या आराखड्याला धरून चालले, म्हणून ही कुसळे त्यांच्या संगीतिकेत आली. मात्र त्यांनी एक गोष्ट अशी केली की तिने तोल बराच बदलतो. वाग्नर, त्याची पत्नी कोसिमा, त्याच्या घरातली माणसे ही सर्व गद्यात बोलतात. ती नटांनी करायची कामे आहेत. गातात ते बुद्ध, आनंद, प्रकृती, तिची आई, एक वृद्ध ब्राह्मण. युरोपचा सर्वांत थोर संगीतिकाकार स्वतःच्या अंतकाळी गाऊ शकत नाही, आणि चांडाळाची मुलगी गाते. वाग्नरला उभ्या आयुष्यात तिच्या तोंडी एक सूर देता आला नाही. इथे तो बसून ऐकतो.

पहिल्या प्रयोगात सर्व संहिता इंग्रजी होती. जून २०१३ मध्ये वेल्श नॅशनल ऑपेराने कार्डिफला ही संगीतिका रंगमंचावर आणली तेव्हा वाग्नरच्या घरातल्या माणसांना जर्मन दिली आणि भारतीय पात्रांना पाली. विद्वान इथेही बोट ठेवील, आणि ते योग्यच होईल: ही कथा पाली त्रिपिटकातली नव्हे, संस्कृत अवदानातली. संस्कृतातून फ्रेंच, फ्रेंचमधून जर्मन, मग इंग्रजी, आणि तिथून पाली, म्हणजे ज्या भाषेत ती कधी नांदलीच नव्हती तीत तिला नेऊन बसवले. पण ऋग्वेद कागदावर मूक राहिला होता, रवींद्रनाथ इंग्रजीतून आले होते. तिन्ही कृतींत गायकाच्या मुखातून भारतीय भाषा ऐकू आली ती ह्या प्रयोगात प्रथमच. ती प्रकृतीच्या वाट्याला आली. हार्वे ४ डिसेंबर २०१२ रोजी ल्यूइस येथे, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी वारले होते.